टपावरची काडी

मोहोळ
रविवार, १२ ऑक्टोबर

अण्णा, तुमच्या पद्धतीनं शरणार्थी घालतो.

पत्र लिहायला तीन आठवडे टाळाटाळ केली. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तर पाकीट ओलं निघालं. मग वाटलं, तुमचे कान धड असते तर फोनवरच भांडलो असतो आणि एका मिनिटात मोकळा झालो असतो. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मला कागदावर भांडायला लागतंय. राग उतरला की लिहू असंही म्हटलं. उतरत नाही, म्हणून तसाच लिहितोय.

तुमचा रेडिओ सेट जळला.

तुमच्या हातात वीस वर्षं चालला आणि माझ्या गाडीत नऊ दिवसांत धूर. याचा अर्थ तुम्हीच सांगा. मला तर एकच दिसतो. कान गेल्यावर तीन वर्षं तो तुमच्या टेबलावर मोटारींच्या तारांखाली पडून होता, आत काय सडलंय ते तुम्ही बघितलं नाही, आणि दिला या धुळाच्या गळ्यात बांधून. वर अटी. सरकारचा परवाना हातात आल्याशिवाय माईकचं बटण दाबायचं नाही. फक्त ऐकायचं. जे ऐकशील ते वेळ घालून वहीत लिहायचं. नववी नापास माणसाला तुम्ही परीक्षेला बसवलं, मी पास पण झालो, आणि परवाना अजून दिल्लीतच फिरतोय. मी सगळं ऐकलं तुमचं. फक्त ऐकतच होतो, आणि ऐकता ऐकता धूर आला.

बसवताना काही चुकलं असं म्हणणार असाल तर तेही सांगतो. चौदा सप्टेंबर, रविवार. मोहोळला अमृतच्या गॅरेजात दिवसभर पिकअप उभी केली. या अमृतकडं एक पोपट आहे, त्याला 'मागं घे, मागं घे' एवढंच येतं, आणि परवा त्याच्यामुळं एक ट्रॅक्टरवाला खरंच मागं घेत भिंतीला गेला. ते असू दे. तुम्ही कागदावर काढून दिलं होतं तसंच केलं. तार थेट बॅटरीपासून घेतली, दोन्ही तारांना फ्यूज. केबिनच्या टपाच्या बरोबर मधोमध भोक पाडलं. भोक पाडताना अमृत म्हणाला, "पावण्या, स्वतःच्या गाडीला भोक पाडणारा तू पयलाच." मी म्हटलं, पत्रा मोठा लागतो तिला, झाडाला जमीन लागते तशी. तो म्हणाला, "मंग झाड लावायचं हुतं की." भोकाखालचा रंग खरवडून पांढरा पत्रा काढला, तिथं अँटेनाचं बूड आवळलं. केबल दाराच्या रबरामागनं घेतली. सेट डॅशबोर्डच्या खाली, खंडोबाच्या फोटोच्या बाजूला. माईकला हुक केला. एक स्क्रू उरला, तो कुठला ते अजून कळलं नाही, पण तो सेटचा नव्हता.

आईनं पूजा केली. सगळ्या गाडीला भंडारा लावला, नारळ फोडला. म्हणाली, "ही लोखंडाची काडी आपलं बोलणं वर नेनार म्हंतोस, मंग तिला इसरून कसं चालंल." अण्णा, माझ्या आईनं तुमच्या काडीला हात जोडले. आणि ती काडी काय कामाची निघाली?

पाऊस लई झाला इकडं. सीना नदीला पाणी आलं ते पेपरात वाचलं असेल. आम्ही ठीक. मेंढरं ठीक.

नवीन सेट द्या म्हणत नाही. तुम्ही मला फसवलं एवढंच कळवायचं होतं.

धुळा

(आम्ही आठ-दहा दिवस हितंच आहोत. पत्र अमृतच्या गॅरेजच्या पत्त्यावर टाका.)


दुधनी
शनिवार, १८ ऑक्टोबर

चि. धुळा यास,

पत्र पोचले. दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती, पहिल्यांदाच खोटे दिसले होते.

मी चाळीस वर्षे पंपाच्या जळालेल्या मोटारींत तारा भरतो आहे आणि त्यातली तीस वर्षे हॅम रेडिओवर बोललो आहे. काय जळते आणि का जळते, एवढे मला कळते. सेट ऐकून जळत नाही. ऐकणारा माणूस कधी गरम होतो का? गरम होतो तो बोलणारा. सेटचेही तेच. बटण दाबले की आतली ताकद केबलमधून टपावरच्या काडीत जाते आणि हवेत सुटते. काडीच्या बुडाशी वाट अडली तर ती ताकद उलटी फिरून सेटच्याच पोटात शिरते. मग धूर येतो. म्हणजे तू बटण दाबलेस. एकदा नाही, पुष्कळ वेळ दाबलेस. आणि वाट अडलेली असताना दाबलेस. मी तुला मीटर दिला होता, दाबायच्या आधी किती ताकद उलटी येते ते बघायला. तो कुठे आहे? सीटखाली जॅकजवळ असेल.

वीस वर्षे तो सेट माझ्याकडे होता. त्याला कुणाला बोट लावू दिले नाही, आणि तुला दिला. का दिला? तुझा बाप मेंढरे घेऊन दरवर्षी माझ्या वावरात बसायचा. तू नऊ वर्षांचा असताना मेंढरांचे सोडून माझ्या दुकानात येऊन बसायचास आणि सेटकडे असा बघायचास की तो भाकरी आहे. म्हणून दिला. अट एकच. परवान्याशिवाय बोलायचे नाही. तू शब्द मोडलास, ते एक. मोडून मलाच फसवा म्हणालास, ते दुसरे. दुसऱ्याचा मला जास्त राग आहे.

आता तीन गोष्टी कळव. टाळू नकोस.

अँटेनाचे बूड सोड. केबलचे टोक उघड. आत काय रंग दिसतो ते लिही.

कुणाला हाक मारलीस आणि कुणाच्या नावाने? तुझे हवेतले नाव, परवान्याबरोबर मिळतात ती अक्षरे, सरकारने अजून दिलेले नाही. म्हणजे माझेच घेतले असणार. ती अक्षरे माझी आहेत, धुळा. हवेत मला कुणी चन्नवीर म्हणत नाही. त्या अक्षरांनीच ओळखतात. दुसऱ्याच्या नावाने बोलल्याची तक्रार झाली तर ती अक्षरे काढून घेतील. बहिऱ्या माणसाकडे तेवढेच उरले आहे.

आणि वही. ज्या दिवशी जळला त्या दिवसाचे पान फाडून पाठव. पान कोरे असेल तर कोरे पाठव. ज्याने वेळ लिहून ठेवली नाही त्याने हाक मारलीच नाही, असे मी समजतो.

आणि तू 'मेंढरं ठीक' लिहिले आहेस. किती ठीक, ते लिहिले नाहीस. तुझ्या बापाचे प्रत्येक पत्र मेंढरांच्या आकड्याने सुरू व्हायचे.

चन्नवीर


अनगरच्या शिवारात
शुक्रवार, २४ ऑक्टोबर

अण्णा,

शरणार्थी घालत नाही आज. घालायची इच्छा नाही.

व्हय, दाबलं बटण. दाबलं, दाबलं, दाबलं. घ्या. आणि तुमच्याच नावानं दाबलं. व्हीयू-टू आणि पुढं तुमची तीन अक्षरं. किती वेळा म्हटलं ते मोजलं नाही. वहीचं पान कोरं आहे, पाठवतो सोबत, भिंतीला लावा. त्या दिवशी घड्याळ बघणारा माणूस मी नव्हतो.

तेवीस सप्टेंबर, मंगळवार. मेंढरं सीनेकाठच्या एका वावरात बसवली होती, नदीपासून लांब, उंच टेकाडावर. वावराच्या मालकाला खत पाहिजे होतं, आम्हाला चारा. आई आणि भारतदादा मेंढरांबरोबर. मी पिकअप घेऊन डाळिंबाचे क्रेट टाकायला गेलो होतो आणि सकाळी परत येत होतो. वाटेत चहाला थांबलो, तिथं एक माणूस वळूच्या शिंगाला मोबाइलचं कव्हर घालत होता, मी ते बघत बसलो. अर्धा तास. तो अर्धा तास मला अजून टोचतोय, अण्णा, म्हणून लिहितोय, नाहीतर वळूचं काय.

येऊन बघतो तर टेकाडाच्या चारी बाजूनं पाणी. इकडनं नदी आली, तिकडनं ओढा. माझ्या मागचा रस्ता पण ओढ्यानं खाल्ला. मी मधल्या डांबरावर, गाडी एक आणि मी एक. टेकाडावर आईचं हिरवं लुगडं दिसत होतं. दादा कोकरं उचलून वर वर ठेवत होता. मोबाइलचा टॉवर आदल्या दिवसापासनं मेलेला, लाइट नाही. आरडलो. पाण्याच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना.

मग तुमचा सेट आठवला. तुम्ही काय म्हणायचात? "हवेत कोणतरी असतंच. रान कितीबी मोकळं दिसू दे, कोणतरी कान लावून बसलेलं असतं." नऊ वर्षांचा होतो तेव्हापासनं मी हे खरं मानतोय. अर्ध्या परीक्षेची उत्तरं पाठ केली ती याच्यावर.

म्हणून माईक काढला आणि बोललो. सीना, मोहोळच्या वर, टेकाड, माणसं दोन, मेंढरं एकशेवीस, होडी पाठवा. बटण सोडायचं, ऐकायचं, परत दाबायचं. सुरुवातीला खरखर यायची. मग खरखर पण गेली. तरी मी बोलत राहिलो. डॅशबोर्डखालनं करपल्याचा वास आला तरी बोललो. धूर आला तेव्हा सोडलं.

कुणी बोललं नाही, अण्णा. एक माणूस नाही. हे तुमचं 'कोणतरी'.

दुपारी चारला होडी आली. ती कुणी पाठवली देव जाणे. होडीवाल्यांना विचारलं तर म्हणाले, "तहसीलवरनं निरोप आला, धनगराचं बिऱ्हाड टेकाडावर हाय म्हनून." पोलीसपाटलानं कळवलं असणार, त्याचं पलीकडच्या बाजूला घर आहे, त्याला दिसलं असेल. आई आणि दादा आले. आईच्या लुगड्यात दोन कोकरं होती, ती सोडायला तयार नव्हती, होडीवाले ओरडत होते. एकशेवीसातली सदतीस गेली. हा तुमचा आकडा. बापासारखा आधी नाही घातला, शेवटी घातला. चुकलं.

आता तुमचं पहिलं. काल केबलचं टोक उघडलं. आत हिरवट पिवळी पेस्ट. बोटाला लागली, वास घेतला. भंडारा आणि नारळाचं पाणी.

आईनं पूजेला नारळाचं सगळं पाणी काडीच्या बुडाशी ओतलं होतं. वर भंडारा. वर आमच्याच मेंढरांच्या लोकरीचा दोरा, सात वेढे, निंबू अडकवून. लोकर पाणी धरून ठेवती हे मला कळायला नको होतं का? जन्म मेंढरात गेला. तो दोरा नऊ दिवस ओला होता आणि ते सगळं आत झिरपत होतं. मीटर सीटखालीच होता, जॅकजवळ, तुम्ही म्हणता तसं.

म्हणून खोटं लिहिलं. आईनं देवासाठी केलं आणि त्यानंच आईसाठी मारलेली हाक अडकली, हे मी कुणाला सांगू? तिला तर नाहीच. ती रोज सकाळी अजून काडीला हात लावती.

पण राग तुमच्यावर आहे तो आहेच. तुमचे कान धड असते तर तुम्ही ऐकलं असतं असं मी म्हणत नाही, दुधनी लांब आहे. पण तुम्ही तीस वर्षं बोललात आणि शिकवलं किती जणांना? एक मी. आणि एक तुमची लेक, सिद्धेश्वरी अक्का. तिनं मला मोर्स शिकवलं, मेंढीच्या गळ्यातल्या घंटीवर बोट मारून, तुमच्या पायरीवर बसून. तिनं मनानं लग्न केलं म्हणून तिला दारातनं घालवलं, सात वर्षं झाली. जी ऐकणारी होती ती घालवायची, स्वतः बहिरं व्हायचं, आणि वर मला सांगायचं कोणतरी असतंच. कुठनं असणार?

धुळा

(इथनं केमच्या बाजूला चाललो. केम स्टेशनसमोर बजाबाईची खानावळ आहे, तिच्या पत्त्यावर टाका. ती पत्र फोडून वाचती, पण देती.)


दुधनी
शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

धुळा,

तिचे नाव काढू नकोस. पुन्हा काढलेस तर पाकीट न फोडता परत पाठवीन.

तुला काय माहीत आहे? तू तेव्हा सोळा वर्षांचा होतास आणि सांगोल्याच्या माळावर फिरत होतास. मी तिला घालवले नाही. मी एवढेच म्हणालो, जायचे तर जा, पण माझ्याशी बोलायचे असेल तर सकाळी सातला हवेत ये, घरात येऊ नको. रागात म्हणालो. ती जाताना एकच वस्तू घेऊन गेली, हातात धरायचा छोटा सेट. रोज सकाळी सातला मी बसायचो. माझी अक्षरे म्हणायचो आणि थांबायचो. चार वर्षे. ती कधी बोलली नाही. मग कान गेले. आता ती बोलत असली तरी मला कळणार नाही. त्या नावाला उत्तर देणारे कोणी उरलेले नाही हे मला तुझ्या आधीपासून माहीत होते. तुला कळायला नको होते एवढेच.

बस. हा विषय संपला.

आता तुझे. जीव जात असताना हाक मारायला परवाना लागत नाही. कायद्यालाही एवढी अक्कल आहे. माझ्या नावाने मारलीस तेही मी पोटात घातले असते. तू पहिल्या पत्रात 'आम्ही ठीक' लिहिलेस, ते घालत नाही. तुझी आई पाण्यात उभी होती आणि तू मला पोपट सांगत बसलास.

सेट परत पाठव. पार्सलने, केम स्टेशनवरून. जळलेला असला तरी माझा आहे. मी परीक्षेच्या वेळी तुझ्यासाठी शिफारसपत्र लिहिले होते. ते मागे घेतो म्हणून दिल्लीला कळवणार आहे. कागद टेबलावर तयार आहे, फक्त सही राहिली आहे. ज्याला मीटर सीटखाली ठेवायची सवय आहे त्याने हवेत बोलू नये. उद्या दुसऱ्या कुणाचा जीव त्याच्या हाकेवर असेल.

आईला काही सांगू नकोस. लोकरीचा दोरा सोडायला लागेल, तर पावसाने सुटला म्हण. नारळ पुढच्या वेळी टायरला फोडायला सांग, टायर काही म्हणत नाही.

सदतीस. त्यात माझ्या दारातली काळतोंडी होती का? तिला तुझ्या बापाने दुधनीलाच विकत घेतले होते. कळव.

चन्नवीर


केमच्या अलीकडं, रेल्वे लाइनीजवळचं वावर
रविवार, ९ नोव्हेंबर

अण्णा,

तुमचं पत्र बजाबाईनं हातात दिलं तेव्हाच म्हणाली, "म्हातारा लई चिडलाय रं. पर मेंढीचं इचारलंय." म्हणजे वाचलं तिनं.

काळतोंडी गेली. पहिल्या लाटेतच. आता सुखी व्हा.

सेट खोक्यात घातलाय. आज पार्सल करणार होतो. माईक पण घातला, हुक पण, तुमचा मीटर पण, तुमची वही पण. तो उरलेला स्क्रू पण टाकला, कदाचित तुमचाच असेल. टपावरची काडी काढली, भोकात रबराचा बूच मारला. आईनं बघितलं. म्हणाली, "काडी कुटं गेली?" मी म्हटलं, मालकाला परत द्यायचीय. ती म्हणाली, "का बरं? तिनंच हाक न्हेली की." अण्णा, तिला वाटतंय होडी त्या काडीनं आणली. टपावर तिनं परत भंडारा टाकला, आता बुचावर.

सही करा तुमच्या कागदावर. दिल्लीला कळवा की हा धनगराचा पोरगा बेफिकीर आहे. आहेच. शाळेत पण कुणी वेगळं म्हटलं नाही. पण एक लिहून ठेवतो. तुम्ही मला बोलायला शिकवलं आणि ऐकणारं कुणी ठेवलं नाही. मी मीटर विसरलो ही माझी चूक. तुम्ही चार वर्षं सातला बसलात आणि ती सातासमुद्रापलीकडं असल्यासारखं वागलात. लेक कुठल्या गावाला आहे, ते शोधायला एस.टी.चं तिकीट काढलं नाहीत. हवेत बोलायचं आणि पायानं जायचं नाही, असलं माणूस मला नाही व्हायचं. बरं झालं परवाना आला नाही. आम्ही लोक पायानं जातो. माझ्या बापाला हरवलेली मेंढी शोधायला तीन तालुके

थांबा. कुणीतरी आलंय. लाइनीच्या कडेनं स्कूटी येतीय, चिखलातनं, दोनदा आडवी होता होता. दादाची कुत्री तिच्या अंगावर चालली. नंतर लिहितो.

(लिहितो आता. घाईत आहे, अक्षर बघू नका.)

बाई होती. हेल्मेट काढलं नाही, कुत्र्यांना भ्यायली नाही, सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली. म्हणाली, "पिकअप तुझी?" मी म्हटलं, व्हय. टपाकडं बघितलं, बुचाकडं. "अँटेना कुठाय?" मला वाटलं सरकारचं माणूस. तुमच्या तक्रारीचं. मी म्हटलं, कसली अँटेना?

तर ती असली चिडली. "खोटं बोलू नको. दीड महिना तुला शोधतीया. मोहोळला गेले, तर अनगरला गेलात म्हणाले. अनगरला गेले, तर कालच उठले म्हणाले. एका जागी राहत नाही व्हय तुम्ही लोक? तो सेट तुझ्याकडं आला कुठनं? चोरलास का?"

मी म्हटलं, बाई, नीट बोला. चोरला नाही, दिलाय.

"कुणी दिला? ती अक्षरं माझ्या अप्पाची हायत. सात वर्षं मी रोज सकाळी सातला लावून बसते. पयली चार वर्षं अप्पाचा आवाज यायचा. मी बोलले न्हाय. राग होता, मोडवेना. मग एक दिवस आवाज यायचा बंद झाला. आनि तीन वर्षांनी तीच अक्षरं कुणा परक्याच्या तोंडात." मग हेल्मेट काढलं तिनं. आवाजावरनं आधीच कळलं होतं मला, पण ती मला ओळखत नव्हती. कशी ओळखणार, दाढी आहे आता. "अप्पा हायत का गेले, तेवढं सांग. मग मी जाते."

अण्णा, मी म्हटलं, "हायत, अक्का. मला शिव्या द्यायला येतंय अजून त्यांना."

ती खाली बसली. तिथंच, लेंड्यांत. मी म्हटलं धुळा हाय मी, घंटीवाला. ती रडली नाही. माझ्या पायावर एक चापट मारली, लई जोरात. म्हणाली, "मग उत्तर का दिलं न्हाईस? मी चार वेळा बोलले तुझ्याशी."

तिनं बोललं होतं, अण्णा. माझा ऐकायचा भाग तोवर मेला होता. तिनं पिशवीतनं वही काढली. तुमच्यासारख्याच रेघा मारलेल्या. तेवीस सप्टेंबर, अकरा बावन्न. त्यापुढं तुमची अक्षरं. त्यापुढं, 'आवाज अप्पाचा नाही. सीना, मोहोळच्या वर, टेकाड, माणसं दोन. खूप क्षीण, तुटक.' त्याखाली, 'चार वेळा उत्तर दिलं, पोच नाही.' त्याखाली, 'बारा दहा, वैराग पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी वायरलेसनं मोहोळ तहसीलला कळवलं.' पोलीसपाटील नव्हता तो. वैरागच्या बाजारात तिचं आणि नवऱ्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्या दिवशी लाइट नव्हती म्हणून दुकान बंद, आणि बॅटरीवर छोटा सेट चालू.

दुधनीला का नाही गेलीस म्हटलं, तर म्हणाली, "दारात कुलूप असतं तर?" एवढंच.

तुमचे कान गेल्याचं मी सांगितलं. तिला माहीत नव्हतं. तिला वाटायचं तुमचा राग वाढला म्हणून आवाज बंद झाला. लाइनीवरनं एक मालगाडी गेली. मग म्हणाली, "म्हंजे मी आता बोलले तरी..."

आईनं तिला चहा दिला. आईनं ओळखलं नाही, पण मी म्हटलं होडी हिनं पाठवली, तर आईनं भंडाऱ्याची पिशवीच काढली, आता तिचं कपाळ पिवळं आहे आणि तिला पुसू दिलं नाही.

आता सांगायचं ते सांगतो. तुमची दोन्ही पत्रं तिच्या हातात आहेत. मी दिली नाहीत, ती खोक्यावर होती, तिनं उचलली. पिकअपच्या बॉनेटवर बसून वाचतीय. 'तिचे नाव काढू नकोस' ते वाचून झालंय. त्याच्याखालची चार वर्षांची ओळ तिनं दोनदा वाचली, बोट ठेवून. अजून चिडलेलीच दिसतीय. तुमची लेक आहे.

सेट पार्सल करत नाही. ती म्हणती खोकं तिच्याकडं दे, आतलं जळलेलं ती बदलणार. आणि काडीचं बूड पुन्हा आवळायचं, रबराचं वॉशर घालून, आणि लोकर खाली दाराच्या मुठीला बांधायची. तुमच्या कागदावर सही झाली असेल तर झाली. नसेल तर थोडं थांबा.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. ती खोकं आणि हे पत्र घेऊन आजच दुधनीला निघालीय. म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहितोय, नाहीतर तुम्ही इथवर वाचेस्तोवर ती दारातच उभी राहील, आणि दोघांपैकी आधी कुणी बोलायचं यावरनं परत सात वर्षं जातील.

पाकिटावर असं लिहितोय. अण्णा, पत्र नंतर वाचा. आधी मान वर करा, ते कुणी आणून दिलंय ते बघा.

धुळा